पाण्यावर खोटा मासा

रविवार, २७ जुलै २००८

फसवलं मला गुरूने! "आये, चल तळ्यावर, पंधरा दिवस हवा खाऊ," म्हणाला. घर तळ्याच्या काठावर नाही, तळ्याच्या मधोमध आहे, हे काही सांगितलं नाही. बेट! एक लाकडी घर, थोडी झाडं, एक धक्का आणि एक होडी. होडी कायम गुरूच्या बुडाखाली. पहाटे अंधारात गेला, उन्हं तापल्यावर आला, चहा घेतला, संध्याकाळी परत गेला. शहरात, एटोबिकोच्या आमच्या घरात निदान खिडकीतून बस जाताना दिसते. इथे बदकं. तीही आपली उडून जातात.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. रुचा अकरा वर्षांची होईस्तोवर पुण्यात मराठी शाळेत होती, त्याचा आता उपयोग. कॉलेजात उड्या मारताना पाय मोडून घेतला, प्लास्टर घातलंय, आणि तिचा मोबाइल या बेटावर मेलाय. म्हणून आजी आठवली. बाई, लिही, पण बोलते तसंच लिही. आईबापाला वाचून दाखवलंस तर प्लास्टरात मुंग्या सोडीन.

"आजी, दॅट्स टॉर्चर!"

असू दे.

खरं काय ते आता सांगते. मला इथे नाही, गावी हर्णैला जायचंय. बायजा पडली. माझी मोठी जाऊ. खुब्याचं हाड गेलं, खाटेवर आहे. निघायच्या आधी फोनवर बोलली. आवाज पातळ झालाय. "ये गो गोदे," म्हणाली, "तुझ्याशी भांडण अर्धं ऱ्हायलंय." बंदरावर जन्मभर टोपलीला टोपली लावून बसलो आम्ही. एक दिवस भांडल्याशिवाय म्हावरं विकलं नाही.

गुरू म्हणतो, डिसेंबरात सुट्टी मिळेल, मी नेतो. डिसेंबरापर्यंत बायजाला काय बर्फात घालून ठेवायचीय?

सोमवार, २८ जुलै

गुरू म्हणे, "एकटी कशी जाशील आये? फ्रँकफुर्टला विमान बदलायचं. बोर्ड वाचता येत नाहीत तुला."

बोर्ड वाचता येत नाही, माणूस वाचता येतं. पण विमानतळावर माणसं थांबतात कुठे वाचायला!

दिवसभर धक्क्यावर खुर्ची टाकून बसले. पलीकडच्या काठावर दुकान दिसतं, आमची गाडी उभी दिसते. तिथे फोन आहे. मध्ये पाणी. समुद्राच्या काठाला अख्खा जन्म गेला, पण पाण्याचा असा राग कधी आला नव्हता.

मंगळवार, २९ जुलै

गुरूने पेटी उघडून दाखवली. मला वाटलं सोनाराचं दुकान. आत खोटे मासे! वीत-वीतभर लांबीचे. एक लाकडाचा, पोपटी. एक काळा उंदीर, शेपटीसकट. एक रबरी बेडूक. एकाच्या बुडाला पंखा, पाण्यात फिरतो, फुरफुर वाजतो. प्रत्येकाच्या पोटाखाली तिहेरी गळ.

"याला टॉपवॉटर म्हणतात आये. बुडत नाही. पाण्याच्या वरच राहतो. खालून बास मासा बघतो आणि वर येऊन झडप घालतो."

म्हटलं, एवढा मोठा कशाला? छोटं आमिष लाव, बिचाऱ्याच्या तोंडात मावेल.

"मोठ्या माशाला मोठाच घास लागतो. छोट्यासाठी तो जागचा हलत नाही."

हे मात्र पटलं. आमच्या जमातीत लग्नाच्या जेवणाला काही माणसं अशीच येत.

ह्याच्या बापाने आणि मी मिळून ठरवलं होतं, पोरगा होडीत पाय ठेवणार नाही. शिकेल. शिकला! इंजिनियर झाला, पुण्याची ब्राह्मणाची मुलगी केली, सात समुद्र ओलांडले. आणि आता पैसे भरून होडी भाड्याने घेतो आणि पहाटे उठून मासे धरतो. बाप वर बसून कपाळ बडवत असेल.

गुरुवार, ३१ जुलै

आज नीट बघितलं तो काय करतो ते. दुसरं करण्यासारखं आहेच काय!

कमळाची पानं आहेत कडेला, तिथे वारा नसताना तो पोपटी मासा फेकतो. थप! मग काही नाही. हलवत नाही. पाण्यावर गोल गोल उठतात, ते पसरतात, विरतात. पाणी पुन्हा आरशासारखं. मग गळाच्या काठीच्या टोकाला एक हिसका, मासा डावीकडे मान वळवतो. थांबला. पुन्हा हिसका, उजवीकडे. जखमी मासा कसा लटपटत जातो, अगदी तसा. पुन्हा थांबला. बघता बघता माझाच श्वास अडकला.

"थांबतोस कशाला?" मी धक्क्यावरून ओरडले.

"शू! थांबतो तेव्हाच तो येतो."

नीलिमा झोक्यात पुस्तक घेऊन पडलेली. जाडजूड. ही सून स्वयंपाकघरात लिंबाच्या वासाचं फुसफुस मारते, मी सुकटाचा डबा नुसता उघडला तरी. एटोबिकोत फ्रीजमध्ये माझा कप्पा वेगळा, त्याला झाकण. मी म्हणते, माझ्यावरच घाल एक झाकण. ती हसते. रागावत नाही, तोच त्रास आहे.

शुक्रवार, १ ऑगस्ट

आज गटारी! उद्यापासून श्रावण. आज म्हावरं खायचं म्हणजे खायचं. आमच्याकडे आता होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतील, नारळी पुनवेपर्यंत कोणी समुद्राला हात लावणार नाही. पण आजच्या दिवसाला घरात सुकं तरी शिजतं.

सकाळी मीठ-हळद काढून ठेवली. चिंच भिजवली. गुरू आला तो हसतच. "आये, मिळाला! दीड हाताचा!"

म्हटलं, आण.

"सोडला."

सोडला म्हणजे?

"कॅच अँड रिलीज. फोटो काढला, मुका घेतला, सोडून दिला."

मुका! रुचा, लिही, मुका घेतला. मासा धरायचा, त्याच्या जबड्यात गळ रुतवायचा, दमवायचा, मुका घ्यायचा आणि जा म्हणायचं. खायचा नव्हता तर त्या बिचाऱ्याला उठवलास कशाला? खाल्लास तर निदान त्याचं काहीतरी झालं. आमच्यात म्हावऱ्याची अशी थट्टा कोणी करत नाही.

"आये, ते स्पोर्ट आहे."

गटारीला मुगाची खिचडी खाल्ली. नीलिमाने केली होती. चांगली होती, हे तिला सांगितलं नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

गुरू आणि नीलिमा होडीने पलीकडे गेले, दूध-भाजी आणायला. मलाही न्या म्हटलं. "आये, होडीत चढताना पडशील." आमच्या घरात बाईने होडीत पाय ठेवायचा नाही असा सासऱ्याचा नियम होता. सासरा गेला, आता मुलगा आहे.

परत आल्यावर विचारलं, बायजाला फोन केलास?

"केला. शेजारच्यांनी उचलला. बरी आहे."

काय खाते?

"बरी आहे म्हणाले." पिशव्यांतून दुधाचे डबे काढत बसला. वर बघितलं नाही.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, गुरू, पैज लाव. तुझ्या त्या पोपटी लाकडाने मी मासा धरला, स्वतःच्या हाताने, तर मला हर्णैला पाठवायचं. या महिन्यात. एकटीला.

तो इतका हसला की दुधाचा डबा खाली पडला.

"लाव," म्हणाला. "नाही धरलास तर डिसेंबरपर्यंत एक शब्द नाही."

"बाबा, डील?" रुचाने विचारलं.

"डील."

नीलिमा भाजी निवडत होती. तिने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, परत खाली घातली.

मासे धरायला लायसन्स लागेल का म्हणून मी धास्तावले होते. पण पासष्टच्या वर इथल्या माणसाला लागत नाही म्हणे. वय दाखवायचं कार्ड पुरे. म्हातारपण कुठे तरी कामाला आलं!

रविवार, ३ ऑगस्ट

काठी धरायला शिकवलं गुरूने. अंगठा कुठे, सोडायचं केव्हा. पहिल्या फेकीला मासा माझ्या मागच्या झाडावर. दुसऱ्या फेकीला रुचाच्या प्लास्टरवर. ती बोंबलली, "आजी, आय ऑलरेडी हॅव वन ब्रोकन लेग!"

संध्याकाळपर्यंत पाण्यात पडायला लागला. थप. थांबले. गोल विरले. हिसका. थांबले.

आणि आला! पाण्यातून काळं काहीतरी उसळलं, धबाक् आवाज झाला, आणि मी सगळा जीव लावून काठी ओढली. पोपटी मासा हवेतून भिरभिरत आला आणि गुरूच्या टोपीत रुतला. खालचा गेला.

"आये! आवाज झाला की ओढायचं नाही! त्याची पहिली झडप चुकते कधी कधी. त्याला घेऊ दे. काठीला वजन लागलं की मग!"

कसं नाही ओढायचं? अख्खा जन्म टोपलीवर घारी झडप घालायच्या, मांजरं झडप घालायची. झडप दिसली की हात उठतो, हिसकावून घेतो. तो हात आता कुठून बदलू!

सोमवार, ४ ऑगस्ट

खांदा गेला. आज लिहू नको.

मंगळवार, ५ ऑगस्ट

पाऊस. बेट आणखी लहान झालंय. चौघं एका खोलीत, चार कोपऱ्यांत.

काल तीनदा आला मासा, तीनदा मी ओढलं. गुरू आता हसत नाही, समजावतो. तेच जास्त लागतं. "राहू दे आये, खांदा दुखेल." जिंकल्यासारखा बोलतो.

खोलीत फेऱ्या घालता येत नाहीत, गुडघे. म्हणून बसल्या जागी विचार केला. मी थांबले नाही कधी, असं थोडंच आहे? गिऱ्हाईक यायचं तेव्हा मी थांबायचेच की! पापलेटाकडे बघणार नाही, बांगड्याचा भाव विचारणार, नाक मुरडणार, पुढे जाणार. बायजा लगेच हाक मारायची, "ये गो बाय, कमी करते!" आणि फसायची. मी गप्प. गिऱ्हाईक परत यायचं, वाकायचं, बघायचं, तरी मी गप्प. त्याने टोपलीत हात घालून पापलेट उचललं, हातात तोललं, की मग तोंड उघडायचं. एकदा का वजन हाताला लागलं की ते सोडत नाही कोणी.

बायजा म्हणायची, "ही गोदी घुम्मी, हिच्यामुळे माझं गिऱ्हाईक पळतं." त्यावर भांडण. रोजचं.

दुपारी नीलिमा चहा घेऊन आली. अशी शेजारी बसत नाही कधी. "आई, बायजाबाई तुमच्याहून किती मोठ्या?"

म्हटलं, कोणी मोजलंय! माझ्या लग्नात मला कडेवर घेतलं होतं तिने, एवढी मोठी. चिमटा काढला होता, मी रडू नये म्हणून.

ती उठली. कप घेऊन गेली.

बुधवार, ६ ऑगस्ट

धरला!!

रुचा, मोठं लिही. धरला!

पहाटे धुकं होतं. गुरू होडीने लांब, पानांच्या पलीकडे. रुचा धक्क्यावर प्लास्टर लांब करून जांभया देत होती. मी फेकला. थप. गोल विरले. हिसका. डावीकडे. थांबले. हिसका. उजवीकडे. थांबले.

धबाक्!

माझा हात उठला. मी त्याला म्हटलं, गप्प. बांगड्याचा भाव विचारतोय, विचारू दे. पोपटी मासा पाण्यावर तसाच डुलत होता. मी बघितलंच नाही तिकडे. दातांत पदर धरला. आणि मग आवाज नाही, काही नाही, नुसता पाण्याला खड्डा पडला आणि लाकूड दिसेनासं झालं. काठी जड झाली. हाताला वजन लागलं!

तेव्हा ओढलं.

आई गं! काय ताकद त्याची! दोनदा हवेत उडाला, मान झाडली. रुचा किंचाळतेय, "आजी, रील! रील!" गुरू होडी घेऊन ओरडत येतोय, "ढील दे आये! ढील दे!" नीलिमा घरातून धावत, एका पायात चप्पल. कमरेला काठी टेकवून मी आले मागे मागे. गुरूने जाळीत घेतला. हिरवा-काळा, जबडा हा एवढा, माझी मूठ जाईल.

"आठ उन्हाळे," गुरू म्हणाला, "आठ उन्हाळे मी येतोय, मला नाही लागला असा." मापला, फोटो काढला. माझ्या हातात दिला. मी तोलला. सवय. चांगला भाव आला असता.

मग त्याने माझ्या हातून घेतला आणि पाण्यात सोडला. मला न विचारता! शेपटी हलवली, गेला.

मी म्हटलं, जाऊ दे. मासा तुमचा, तळं तुमचं. तिकीट कधी काढतोस?

गुरू हात धूत होता. धूतच राहिला. "आये, ती गंमत होती गं."

गंमत?

"एकटीला कसं पाठवू? वाटेत काही झालं तर? बाबा गेले तेव्हा मी इथे होतो. तिरडी उचलायला पोचलो नाही. आता तू तिथे आणि मी इथे, पुन्हा नाही. मला नाही जमणार आये."

मला राग यायला हवा होता. आला नाही, हेच वाईट. पोटचं पोर घाबरलेलं दिसलं की बाईचं तोंड बंद होतं. त्याने मला गळ लावलेला नाही, मायेने बांधलंय. गळ असता तर मान झाडली असती.

रात्री जेवले नाही. नीलिमाने ताट झाकून ठेवलं.

गुरुवार, ७ ऑगस्ट

आज तो पहाटे गेला नाही मासे धरायला. माझ्यासमोर बसून राहिला. मी बोलले नाही. तो बोलला नाही. बदकं बोलली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

हे होडीत लिहून घेतेय! अक्षर वाकडं आलं तर रुचाचा दोष नाही, नीलिमाचा. वल्ही तिच्या हातात आहेत.

उजाडायच्या आत उठवलं तिने. "आई, साडीवर हे जॅकेट घाला. बोलू नका." मला दंडाला धरून होडीत बसवलं, रुचाला प्लास्टरसकट ओढलं, दोर सोडला. मोटर लावली नाही, आवाज होईल म्हणून. गाडीची किल्ली तिच्या पर्समध्ये. म्हणाली, पासपोर्ट घरी कपाटात आहे, आज तिकीट काढू. विमानतळावर व्हीलचेअर सांगायची, तेच लोक या दारातून त्या दारात नेतात, वाचावं लागत नाही. आणि म्हणाली, "आई, शनिवारी फोनवर शेजाऱ्यांनी सांगितलं होतं. बायजाबाई जेवत नाहीत. म्हणतात, गोदी आली की तिच्यासमोर बसून जेवीन, तिला न देता."

मेली! भूक लागली असेल तिला.

धक्क्यावर गुरू उभा आहे, चड्डीवर. ओरडतोय. बेटावर तो एकटा, होडी आमच्याकडे. खिचडी ठेवलीय त्याला, संध्याकाळी दुकानवाला होडीने जाऊन त्याला घेऊन येईल.

होडी गोल फिरतेय. म्हटलं, सूनबाई, दोन्ही हातांनी सारखं मार.

"शिकतेय, आई."

शीक. पण पुढे जाता जाता शीक.